पहारेकऱ्याला गप्प बसवताना
(प्रस्तावना)

एसटी स्टँडमागच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेली एक जाहिरात आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते : 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' खाली मोबाइल नंबर. औषधाचं नाव नाही, डॉक्टरचं नाव नाही. 'नकळत' हा शब्द मात्र बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात. रंगाऱ्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका व्यसनमुक्ती केंद्रात नातेवाइकांसमोर बोलायला गेलो होतो. उभा जन्म वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेला, त्यामुळे फळ्यावर यकृत काढून दारूचं शरीरात काय होतं ते सांगत बसलो. सगळे उठल्यावर एक बाई मागे थांबल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी उघडली. आत पांढुरकी पूड. "सर, ही वरणात मिसळायला सांगितलीय. मिसळू का?" पुडीत काय आहे ते मला नुसतं बघून कळणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, ही डायसल्फिरामची गोळी कुटलेली असेल आणि जेवून उठून तुमचे मालक गुत्त्यावर गेले, तर त्यांचा रक्तदाब कोसळेल, जिवावर बेतेल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना सांगून द्यायला पाहिजे. आणि सांगितलं की ते घेणार नाहीत."

हा संग्रह वाचून काढल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते त्या बाईंचं हे वाक्य. विषाणूच्या पाठीवर एक लहानसा संदेश लादून तो यकृतापर्यंत पोचवायचा, तिथलं एक जनुक बंद पाडायचं आणि पिणाऱ्याच्या शरीरानेच दारू नाकारावी अशी व्यवस्था करायची, असा हा विषय. ऐकायला तो विज्ञानकथेसारखा वाटतो. पण त्याच्या मुळाशी आहे ती त्या बाईंचीच अडचण : घ्यायची की नाही हे रोज ठरवावं लागणारं औषध, ठरवण्याची ताकदच हरवलेल्या माणसाला द्यायचं कसं?

नव्या वाचकासाठी आधी रसायन सांगतो. दारू यकृतात पोचली की तिच्यावर दोन टप्प्यांत काम होतं. पहिलं विकर तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे दारूपेक्षा कितीतरी विषारी. दुसरं विकर, ज्याला एएलडीएच-२ म्हणतात, पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये बसलेलं असतं. ते या ॲसिटाल्डिहाइडचं झटपट ॲसिटेट करून टाकतं, म्हणजे व्हिनेगरच्या कुळातला एक निरुपद्रवी पदार्थ. पहिला टप्पा विष तयार करतो, दुसरा ते उतरवतो. दुसरा जोवर चोख चालतो तोवर पिणाऱ्याला या विषाचा पत्ता लागत नाही. तो अडखळला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं, मळमळतं आणि दुसरा पेला उचलावासा वाटत नाही.

विष उतरवणारं विकर मुद्दाम बंद पाडायचं, हे उफराटं वाटेल. पण शरीरातलं एखादं विकर अडवणं हाच उपचार असतो, असं वैद्यकात पुष्कळदा घडतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला गावठी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूतलं मिथेनॉल मुळात तितकं घातक नसतं. वर सांगितलेलं पहिलंच विकर त्याच्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होण्याची वाट उघडून देतं आणि माणूस आंधळा होतो किंवा मरतो. त्यावरचा उतारा म्हणजे ते विकर अडवून धरणं. तेव्हा कोणतं विकर मित्र आणि कोणतं वैरी, हे त्याच्यासमोर काय येऊन पडलंय त्यावर ठरतं.

एएलडीएच-२ बंद पाडायची कल्पना प्रयोगशाळेला सुचायच्या कितीतरी आधी निसर्गाने करून ठेवली होती. चीन, जपान, कोरिया, तैवान या भागांत सुमारे ३६ टक्के लोकांना दोन घोटांत तोंड लाल होण्याचा अनुभव येतो. कारण जनुकातल्या एका अक्षराचा बदल. त्यामुळे विकराच्या साखळीत ५०४ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येऊन बसतं. हे विकर चौघांच्या टोळीने काम करतं आणि टोळीत एक जरी बिघडलेला शिरला तरी बाकीच्यांचा हात आखडतो. म्हणून एकाच पालकाकडून हा बदल आलेल्यांचंही विकर मंदावतं. दोघांकडून आलेल्यांचं जवळजवळ ठप्पच. एका किंवा दोन्ही पालकांकडून हा बदल आलेले जगात सुमारे ५४ कोटी लोक आहेत. आपल्याकडे, ईशान्येकडचे काही समाज सोडले तर, हा बदल क्वचितच सापडतो.

१९८२ मध्ये हाराडा आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या मद्यासक्त रुग्णांची तपासणी केली. सर्वसाधारण जपानी माणसांत ज्या विकराची उणीव चाळीसेक टक्क्यांना असते, ती या रुग्णांत जेमतेम २ टक्क्यांना होती. एका अक्षराच्या चुकीने माणसं व्यसनापासून वाचत होती. पुढचं सगळं संशोधन या एका निरीक्षणाच्या पोटातून निघालं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

पण या कथेचा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही. १९९४ मध्ये हिगुची यांनी जुने-नवे रुग्ण ताडून पाहिले. एका पालकाकडून हा बदल आलेल्यांचं मद्यासक्तांमधलं प्रमाण १९७९ मध्ये २.५ टक्के होतं, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलला तो समाज. तोंड लाल होत असतानाही माणसं प्यायला शिकत होती. दोन्ही पालकांकडून बदल आलेला मात्र या रुग्णांत एकही सापडला नाही. म्हणजे विष उतरवणारा हा पहारेकरी, एएलडीएच-२, अर्धवट गप्प केला तर माणूस त्याच्यावर मात करू शकतो. या संग्रहातला कुठलाही लेख वाचताना हे आकडे उशाशी ठेवावेत.

निसर्गाचीच युक्ती गोळीत भरायचं श्रेय रबराला जातं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं, की रबर पक्कं करायच्या रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झालीय. दहाएक वर्षांनी कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी याच कुळातलं डायसल्फिराम जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवर घेऊन पाहिलं आणि मेजवानीत पेला तोंडाला लावल्यावर दोघांचीही गाळण उडाली. १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. 'अँटाब्यूज' या नावाने ते जगभर गेलं आणि आजही आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीत असतं.

गोळी काम करते. गोळी घेणारा करत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत ६०५ माजी सैनिकांवर केलेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जवळजवळ एवढाच होता. नेमाने गोळी घेणारे फार तर पाचातला एक, आणि जे घेत होते तेच मुख्यतः कोरडे राहत होते. शनिवारी प्यायची असेल तर गुरुवारपासूनच गोळी बेसिनमध्ये जाते, हे कुठल्याही केंद्रातला समुपदेशक हसत सांगेल. त्याच १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथल्या कामाचा कणा गट, गप्पा, शिस्त आणि पाठपुरावा हा राहिला. ही गोष्ट योगायोगाची असली तरी मला बोलकी वाटते.

मग गोळीऐवजी असं काही देता येईल का, जे एकदा दिलं की रोज आठवावं लागणार नाही? इथे विषाणू येतो.

अशा कामाला जुंपलेल्या विषाणूला इंग्रजीत व्हेक्टर म्हणतात; त्या शब्दाबद्दल आधी थोडं. व्हेक्टरला भौतिकशास्त्रात आपण सदिश म्हणतो. हिवतापाच्या सरकारी पोस्टरवर व्हेक्टर म्हणजे डास, आणि तिथे त्याला वाहक म्हणतात. संपादकांनी तोच शब्द उचलून 'विषाणू-वाहक' केलाय. मला तो आवडला, कारण डासासारखाच हाही दुसऱ्याचा माल पोचवतो. फक्त याचा स्वतःचा माल काढून घेतलेला असतो : विषाणूची वाढ होण्याची जनुकं कापून टाकायची आणि रिकाम्या झालेल्या खोक्यात आपल्याला हवा तो संदेश भरायचा. हे तुम्हाला परकं वाटत असेल तर दंडाकडे पाहा. कोव्हिशील्डची लस हेच होतं. चिंपांझीचा एक ॲडिनोव्हायरस, वाढू न शकणारा, करोनाच्या काट्याचं जनुक पोटात घेतलेला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. एका मात्रेत असे सुमारे पाच हजार कोटी कण. या पुस्तकाच्या बहुतेक वाचकांनी विषाणू-वाहक एकदा नव्हे, दोनदा टोचून घेतलेला आहे.

वाहकांची घराणी मुख्यतः तीन. ॲडिनोव्हायरस जोरदार काम करतो पण शरीर त्याच्यावर लगेच तुटून पडतं, त्यामुळे परिणाम आठवड्यांत ओसरतो. लसीला हे बरं, कायमच्या उपचाराला नाही. लेंटिव्हायरस आपला माल थेट पेशीच्या गुणसूत्रात टाचतो. मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून उभी राहिलेली, २०२३ मध्ये मंजूर झालेली रक्ताच्या कर्करोगावरची 'नेक्सकार १९' ही पेशी-उपचार पद्धती याच वाहकावर चालते. तिसरा, या पुस्तकाचा खरा नायक, ॲडिनो-असोसिएटेड विषाणू, थोडक्यात एएव्ही. अगदी लहान, माणसाला कुठलाही ठाऊक असलेला आजार न देणारा, यकृतात शिरला की तिथल्या सावकाश पालटणाऱ्या पेशींत वर्षानुवर्षं ठाण मांडणारा. हिमोफिलिया बी वरचं याच वाहकाचं औषध २०२२ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा त्याची किंमत ३५ लाख डॉलर होती, एका मात्रेची.

या क्षेत्राच्या इतिहासात एक तारीख आहे, ती गाळून पुढे जाऊ नये. १७ सप्टेंबर १९९९. जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत गेला. त्याच्या यकृतात अमोनियाचं विष उतरवणाऱ्या विकराची उणीव होती. ते विकर देण्यासाठी ॲडिनोव्हायरस टोचला आणि चार दिवसांत त्याचे अवयव एकेक करून थांबले. आजार आटोक्यात असलेला, आपणहून पुढे आलेला मुलगा. त्यानंतर कित्येक वर्षं हे सगळं शास्त्र पाय चोरून चाललं.

संदेश पोचवला, पण जनुक गप्प कसं करायचं? यातही संप्रदाय आहेत आणि त्यांचं आपसात फारसं पटत नाही. जुना संप्रदाय 'अँटिसेन्स'वाल्यांचा. १९७८ मध्ये झामेक्निक आणि स्टीफन्सन यांनी दाखवलं, की जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला त्याची उलटी प्रत चिकटवली तर निरोप वाचलाच जात नाही. दुसरा आरएनए-हस्तक्षेपाचा, फायर आणि मेलो यांना १९९८ च्या शोधासाठी २००६ मध्ये नोबेल मिळालं. यात पेशीचीच कात्री वापरून निरोपाचे तुकडे केले जातात. तिसरा क्रिस्परवाल्यांचा : निरोप कशाला अडवता, मूळ पोथीतलं पानच फाडा. पहिल्या दोघांत वाहक गेला की जनुक पुन्हा बोलू शकतं. तिसऱ्यात नाही. माझा कल सांगायचा तर तो दुसऱ्याकडे आहे, पण त्याच्याही भानगडी आहेत. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या डर्क ग्रिम आणि मार्क के यांनी एएव्हीतून असे ४९ वेगवेगळे संदेश उंदरांच्या यकृतात सोडले. ३६ मुळे यकृताला इजा झाली, २३ मुळे उंदीर मेले. कात्री एकच असते; आपण तिला भाराभर काम दिलं की पेशीचं स्वतःचं काम अडतं.

हे दोन धागे, दारू आणि वाहक, एकत्र विणले गेले चिलीमध्ये. सांतियागोच्या चिली विद्यापीठात होर्हे मार्दोनेस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून उंदरांचे दोन वंश पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले. पिंजऱ्यात दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत दहा टक्के अल्कोहोल. एक वंश पाण्याकडे जातो, दुसरा दारूकडे. पुढे कळलं की न पिणाऱ्यांचं एएलडीएच-२ मुळातच कमी चपळ आहे. याच परंपरेतले येदी इस्राएल यांनी २००१ मध्ये सहकाऱ्यांसह अँटिसेन्सने उंदरांत हे विकर दाबून 'आशियाई प्रकृती' निर्माण करून दाखवली. २००८ मध्ये त्यांच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं : दोन महिने पाजून दारूला लावलेले उंदीर, ॲडिनोव्हायरसमधून अँटिसेन्स संदेशाची एकच सुई, आणि ३४ दिवस त्यांचं पिणं निम्म्यावर.

२०१३ मध्ये याच विद्यापीठातले हुआन असेन्हो या उपचाराविषयी बोलले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'दारूवरची लस' असा मथळा दिला. लस हा शब्द इथे चुकीचा आहे. लस शरीराला शिकवते, हा उपचार शरीराचं तोंड बांधतो. पण मथळा चिकटला तो चिकटलाच. २०१७ मध्ये असेन्हो आणि एएव्हीचे एक आद्य जाणकार ज्यूड सॅमुल्स्की यांच्या गटांनी मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींत एएव्हीमार्फत हे जनुक दाबून दाखवलं. पेशींत, बशीत. माणसात नाही. मथळे आणि बशी यांच्यातलं हे अंतर वाचकाने विसरू नये.

इथवर सगळं सरळ वाटतं. मेंदू मध्ये आला की गुंता होतो. २०११ मध्ये चिलीतल्याच गटाने लेंटिव्हायरस मेंदूच्या 'मजा' नोंदवणाऱ्या भागात सोडून तिथलं कॅटलेज हे विकर दाबलं, म्हणजे मेंदूत दारूचं ॲसिटाल्डिहाइड होणंच रोखलं. उंदरांनी पिणं जवळपास सोडलं. रक्तात जे विष नको नको करतं, तेच मेंदूत हवं हवं करतं! त्यामुळे कुठलं विकर गप्प करायचं याइतकंच कुठे करायचं हेही महत्त्वाचं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बिन गाओ यांच्या गटाने फक्त यकृतातलं एएलडीएच-२ नसलेले उंदीर तपासले : भरपूर पिणं थांबलं, बेताचं पिणं चालूच राहिलं. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. उलट सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

धोक्यांविषयी संग्रहात स्वतंत्र विभाग आहे, तरी दोन गोष्टी इथेच सांगतो. हे विकर फक्त दारूसाठी नाही. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा ते स्नायूला वाचवतं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या नायट्रोग्लिसरीनचा गुण यायलाही त्याचा हातभार लागतो. आणि ते मंदावलेला माणूस तरीही पीत राहिला तर त्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. हिगुचींचे ते तेरा टक्के आठवा. पहारेकरी गप्प करूनही जो पिईल, त्याला आपण आधीपेक्षा वाईट जागी नेऊन सोडलेलं असेल. म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने नेमका उलटा प्रयोग केला : एएव्हीतूनच चांगलं एएलडीएच-२ उंदरांना दिलं. तेच खोकं, तेच विकर, एकाला दार लावायचंय, दुसऱ्याला उघडायचंय.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. गोळी थांबवता येते. एएव्ही एकदा टोचला की काढून घेता येत नाही, आणि शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाल्यावर दुसरी मात्राही लागू पडत नाही. गोळीचा दोष तो उपचाराचा गुण झाला, पण किंमत म्हणून माणसाचा मत बदलण्याचा हक्क गेला. व्यसनी माणसाचा 'हो' कुठल्या दिवशीचा धरायचा? सकाळी उतरल्यावरचा, की संध्याकाळी हात थरथरताना दिलेला? यामुळेच काही औषध कंपन्या विषाणूला फाटा देऊन, यकृतात थेट जाणाऱ्या आणि काही महिन्यांत विरून जाणाऱ्या आरएनएच्या सुईकडे वळल्या. डायसर्ना या अमेरिकी कंपनीने एएलडीएच-२ वरच्या अशा औषधाची माणसांवरची पहिली चाचणी २०२१ मध्ये सुरू केली. मला विचाराल तर तिमाही सुई ही कायमच्या वाहकापेक्षा शहाणी वाट आहे. संग्रहातले दोन लेखक याच्याशी अजिबात सहमत नाहीत, आणि त्यांनी तसं खणखणीत लिहिलंय.

हे मराठीत आत्ताच का, याला उत्तर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे आणि २.९ कोटी पूर्ण आहारी गेलेले आहेत. जनुक-उपचार भारतात तयार व्हायला लागलेत, त्यांच्या किमती उतरतायत. उद्या कुणी 'एका सुईत दारू बंद' म्हणत आला तर त्याला काय विचारायचं, हे त्या आधी ठाऊक असायला हवं. आणि ते विचारण्याची वेळ शास्त्रज्ञांवर कमी, बायकांवर, भावांवर, गावच्या डॉक्टरवर जास्त येणार आहे.

संग्रहाचा घाट त्याच हिशेबाने घातलाय. जीवरसायनवाले, विषाणूशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, एक वकील आणि पंधरा वर्षं कोरडा राहिलेला एक गृहस्थ, अशी ही पंगत आहे. एकमत करण्याचा प्रयत्न संपादकांनी केलेला नाही. विषय नवा असेल तर माझा सल्ला असा, की शेवटून सुरुवात करा : आधी त्या गृहस्थाचा लेख वाचा, मग उंदरांकडे या.

आणि हे पुस्तक घरातल्या कुणासाठी हातात घेतलं असेल तर एवढंच सांगतो. दारू सोडवणारा विषाणू-वाहक आज जगात कुठेही मंजूर नाही, विकतही मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर तो फसवतोय. डायसल्फिराम मिळतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगून, त्याच्या होकारानेच द्यायचं. वरणात मिसळू नका.